मोठ्या आईच्या रुखवताला कोणी नावं ठेवत नव्हतं

मंजुळाबाई माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वडनेर भोलजीत आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला लागून आहेत. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या ओसरीवर उघडते. आमच्याकडे कोण आलं, काय बोललं, चहा मिळाला की नुसतं पाणी, हे सगळं तिला त्या खिडकीतून कळतं. तिचा सगळा जळफळाटही त्याच खिडकीतून आत गेला.

मोठी आई रुखवत करते. लग्नात नवरीकडून टेबलावर मांडतात ते. सुपारीचा भटजी, साबुदाण्याचं तुळशीवृंदावन, शेवयांची बैलगाडी, डाळी चिकटवलेले कलश, थर्माकोलचं देऊळ. तिच्या लग्नाच्या वेळी गावात हे सगळं घरोघरच्या बायका मिळून करत. मोठ्या आईचा हात चांगला, म्हणून एकीनं बोलावलं, मग दुसरीनं, आणि पाच-सहा वर्षांत वडनेरपासून नांदुऱ्यापर्यंत रुखवत म्हटलं की मंजुळाबाई, असं ठरूनच गेलं. लग्नाच्या दिवशी ती सकाळीच जाऊन टेबलं मांडायची, सगळ्यावर जाळी टाकायची आणि नवरीकडच्यांनी दिलेलं लुगडं नेसून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसायची. मग बायका येऊन सांगायच्या, "लय मस्त झालं बाई." मोठी आई म्हणायची, "मस्त नाही होईन तं काय?"

पंचवीस वर्षं तिला हे एवढंच वाक्य ऐकू आलं.

माझी आई पुष्पांजली ही तिची धाकटी जाऊ. आई ब्लाउज शिवायची. रुखवतात तिचा भाग म्हणजे कापडाची फुलं करून देणं, आणि तीही मोठ्या आईला पसंत पडली तर. आठ वर्षांपूर्वी मोठ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमकं तेव्हाच नांदुऱ्याच्या एका घरचं रुखवत कबूल केलेलं होतं. ते आईनं केलं. फार वाईट केलं. मी तेव्हा शाळेत होते, तरी मला दिसलं की कलश एका बाजूला झुकलाय आणि डाळींचा रंग एकमेकींत उतरलाय.

पण आईनं त्या दिवशी एक गोष्ट वेगळी केली. मांडून झाल्यावर ती खुर्चीवर गेली नाही. जेवणाचं ताट घेतलं आणि रुखवताच्या टेबलाजवळच उभं राहून जेवली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. नवरदेवाकडच्या बायका तिला ओळखत नव्हत्या. त्या आपसांत बोलत होत्या आणि आई बुंदी खाता खाता ऐकत होती. घरी परतताना ऑटोतच तिनं त्या लग्नाची पत्रिका उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहून काढलं: कलश वाकडा. मुगाच्या डाळीला वास येतो. पोपट कावळ्यासारखा.

त्यानंतर तिनं जेवढी रुखवतं केली, तेवढ्या पत्रिका आमच्या पत्र्याच्या पेटीत जमत गेल्या.

सुरुवातीला मोठ्या आईला राग होता तो सरळ होता. माह्या हाताखाली शिकली अन् माह्याच उरावर बसली, असं ती गिरणीत, नळावर, जिथं माणूस भेटेल तिथं सांगायची. तो राग आम्हाला समजत होता. पुढं पुढं मात्र ती वेगळ्याच गोष्टीवर चिडायला लागली. आईला नावं ठेवली गेली की ती चिडायची.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. समोरच्या सिंधूताई आणि आणखी दोघी आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. आईनं तेव्हा पालखी केली होती, सुपाऱ्यांच्या भोयांनी खांद्यावर घेतलेली. सिंधूताई म्हणाल्या, "पुष्पा, तुहे भोई सारे एकाच पायावर उभे हाय व. पालखी नेऊन राह्यले का लंगडी खेळून राह्यले?"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली आणि म्हणाली, "दुसरा पाय कसा करू मंग? सुपारी घसरते."

"पाय नको करू. धोतर लांब कर ना."

खिडकीत भांडं आदळलं. आत मोठी आई होती. त्या तिघींपैकी एकीनं मान वर करून घाईघाईनं म्हटलं, "बाई, तुमचं तं काय, तुमचं लयच मस्त असते." खिडकीचं दार लागलं.

माझी चुलतबहीण समीक्षा मला नंतर म्हणाली, "डिंपल, आई काल जेवली नाही. म्हणे, तिच्या घरी येऊन घंटा घंटा बोलतात, अन् माह्यासाठी एक वाक्य."

मी त्या वेळी हसले. मला ते लाडावलेल्या माणसाचं रडगाणं वाटलं.

दिवाळीनंतर समीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा जळगाव जामोदचा, शेतीच्या औषधांचं दुकान असलेला. सुपारी फोडायला मंडळी आली. होणारी विहीण रुक्मिणीबाई मोकळ्या स्वभावाची बाई. पोहे खाता खाता म्हणाली, "आमचं काही मांगनं नाही बाप्पा. फक्त रुखवत चांगलं पाहिजे. नांदुऱ्याच्या एका लग्नात पालखीवालं पाह्यलं होतं म्या, तसं."

पालखी माझ्या आईची होती. खोलीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त रुक्मिणीबाईंना नव्हतं. आईनं ताटलीतले पोहे चिवडायला सुरुवात केली. मोठे बाबा, रामराव, छताकडे पाहायला लागले. मोठी आई म्हणाली, "होईन."

पाहुणे गेले तशी समीक्षा बोलून बसली, "आई, काकूलेच करू दे ना रुखवत. तू लग्नाच्या बाकीच्या कामाचं पाह्य."

मोठ्या आईनं तिच्याकडे असं पाहिलं की मीच मागं सरकले. "माह्या पोरीचं रुखवत म्या करीन. नाहीतर मांडवात टेबलच नाही लागनार. पंचवीस वर्स गावाच्या पोरी सजवल्या अन् माह्या पोरीले पुष्पाच्या हातचं?"

"पन त्याह्यले पालखी..."

"पालखी गेली खड्ड्यात."

ही झाली मोठ्या आईची प्रतिज्ञा. आता तिला काहीही करून रुक्मिणीबाईंसमोर असं रुखवत मांडायचं होतं की पालखीची आठवणही निघू नये. आणि ते कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं. आपल्यात काय कमी आहे, हे तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं माझ्या आईची नक्कल केली. मार्गशीर्षात नांदुऱ्याला एका लग्नात तिचं रुखवत होतं, वऱ्हाड लांबून, बुलडाण्याकडून आलेलं. मोठी आई खुर्चीवर बसली नाही. पदर कपाळापर्यंत ओढून, ताट घेऊन टेबलापाशी उभी राहिली. मी त्या लग्नाला नवरीची मैत्रीण म्हणून गेले होते आणि मला ती अशी उभी दिसली तेव्हा आधी ओळखूच आली नाही.

नवरदेवाच्या दोन आत्या आल्या. पहिली बैलगाडीपाशी थांबली. "काय व, या गाडीले जूच नाही. बैल जरीच्या धाग्यानं बांधले. पयून जातीन ना ते."

दुसरी म्हणाली, "अन् हा भटजी पाह्य. माह्या ननंदेच्या लग्नात हाच होता. बारा वर्स झाले, हा बुवा काही म्हातारा होऊन नाही राह्यला."

दोघी खळखळून हसल्या.

 मी पुढं होईपर्यंत मोठ्या आईनं पदर मागं टाकला होता. "तुमाले करता येते काय? येते तं करून दाखवा. बुंदी खाऊन बोलाले काय लागते?"

"आमी काय तुमाले बोललो काय?"

"मंग कोनाले बोलल्या?"

वऱ्हाडी जमले. नवरीचे वडील हात जोडत आले. मी मोठ्या आईला बाहेर आणलं तेव्हा तिच्या साडीवर वरण सांडलं होतं आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पुष्पानं शिकवून पाठवल्या."

घरी पोचल्यावर तेच तिनं आईच्या तोंडावर म्हटलं. आमच्या ओसरीत, उभ्यानं. "तू पढवून पाठवल्या त्या बाया. माह्या पोरीचं रुखवत तुले पाहिजे म्हनून."

आई भांडेल असं मला वाटलं. तिच्याकडेही सांगण्यासारखं बरंच होतं. पण ती आत गेली, पत्र्याची पेटी उचलून आणली आणि मोठ्या आईपुढं रिकामी केली. "घ्या. हे मले म्हनलं लोकाइनं. साठ-सत्तर असतीन. तुमी वाचा, मंग मले बोला."

मोठ्या आईनं पत्रिका पदरात भरल्या आणि घेऊन गेली. त्या दुपारी तिच्या खिडकीतून हसण्याचा आवाज येत होता. चांगलंच हसणं. "पोपट कावळ्यासारखा! वा रे वा! 'केळीच्या खांबाचे मुळे झाले.' समीक्षे, ऐक हे!" तिला इतकं सुख बऱ्याच दिवसांत झालं नसेल. आईच्या फजितीचा ढीगच समोर होता.

मग हसणं थांबलं.

समीक्षानं मला पुढचं सांगितलं. मोठ्या आईनं पत्रिका लग्नाच्या तारखांप्रमाणे लावल्या. आधीच्या पत्रिकांवर कलश वाकडा, वास येतो, रंग उतरला. मधल्या काळात ते गेलं आणि दुसरंच आलं: तुळशीच्या मंजिऱ्या नाहीत, उखळ आहे पण मुसळ नाही. अलीकडच्यांवर होतं, पालखी जड वाटत नाही, भोयांचे खांदे वाकायला पाहिजेत. मोठ्या आईनं ती पत्रिका बराच वेळ हातात धरली. मग म्हणाली, "हे तं भांडन करनाऱ्याचं बोलनं नाही. हे तं पाहनाऱ्याचं हाय."

संध्याकाळी ती पत्रिका परत द्यायला आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "पुष्पा, मले काऊन नाही सांगत व कोनी?"

आई पत्रिका पेटीत ठेवायला लागली.

"सांग ना."

"सिंधूताईले विचारा, बाई."

सिंधूताईंचं काय झालं होतं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्या आईला सोडून. म्हणजे तिलाही ठाऊक होतं, पण तिच्या आठवणीत ते सिंधूताईंचं भांडण होतं. मी चौथी-पाचवीत असताना सिंधूताई एकदा म्हणाल्या होत्या, "मंजुळा, हा मोर कोंबडीसारखा दिसते." तेवढंच. मोठ्या आईनं तीन वर्षं त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. सिंधूताईंच्या मुलीच्या लग्नात रुखवत करायला नाही म्हणाली. गल्लीतल्या बायकांनी ते पाहिलं आणि आपापल्या घरी ठरवून टाकलं की मंजुळाबाईंना मस्त म्हणायचं आणि पुढं व्हायचं. आम्हा पोरींनाही तेच शिकवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठी आई रस्ता ओलांडून गेली. सिंधूताई अंगणात तुरी पाखडत होत्या. आई आणि मी आमच्या ओसरीवरून ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिच्या बोलण्याकडे कान लावले.

"सिंधू, तो मोर खरंच कोंबडीसारखा होता काय?"

सिंधूताईंनी सूप थांबवलं नाही. "नाही."

"मंग?"

"कोंबडीची मान बरी असते."

आईनं माझा हात घट्ट धरला. मोठी आई तुरीच्या ढिगाजवळ खालीच बसली. "चाल, घरी चाल. समीक्षाचं थोडं करून ठेवलं, ते पाह्य. अन् सांग."

"सांगीन. मंग तू दहा वर्स बोलनार नाही."

"तीनच वर्स नव्हती बोलली. वाढवून नको सांगू."

सिंधूताई गेल्या. मलाही मोठ्या आईनं हाक मारून बोलावलं. पलंगावर अर्धवट वस्तू मांडल्या होत्या. सिंधूताईंनी पहिली चूक सांगितली, मोठी आई हं म्हणाली. दुसरी सांगितली, ती गोंदाची वाटी ढवळायला लागली. तिसरीला तिचा चेहरा लाल झाला. चौथी ऐकली आणि ती म्हणाली, "बस झालं. ऊठ तू." सिंधूताई उठल्या, चपला शोधायला लागल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "चहा घेतल्याबिगर कुठं चालली? बस. पाचवी सांग."

मग ती माझ्याकडे वळली. "तू तं बांधकामाचं शिकली. तुह्या डिप्लोम्याचा काही उपयोग कर."

मी देवळाकडे बोट केलं. "मोठी आई, याचं दार लहान आहे. आतला गणपती या दारातून आत गेला कसा?"

ती वाकून पाहायला लागली. गणपती दारापेक्षा दीडपट होता. "हे तुले कवापासून दिसते?"

"दहावीपासून."

"अन् बोलली नाही?"

 तिनं गोंदानं माखलेल्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो ड्रेस नंतर मला टाकूनच द्यावा लागला.

मोठी आई बदलली असं कोणी समजू नये. ती तशीच जळकी राहिली, फक्त जळण्याचा विषय बदलला. सिंधूताई निघताना तिनं विचारलं, "पुष्पाले एका बैठकीत किती सांगता तुमी?"

"असतीन चार-पाच."

"मले सात सांगतल्या ना?"

"सात."

तेवढ्यानं तिला बरं वाटलं. पुढचे दोन महिने ती गल्लीतल्या बायकांना धरून धरून आणायची. कोणी भीतीनं मस्त म्हटलं तर तिचा चहा अर्ध्यावर काढून घ्यायची. जुना भटजी तिनं मोडला. पालखीची नक्कल करणार नाही म्हणाली ती म्हणालीच, पण बैलगाडी नव्यानं करायला घेतली. जू केलं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काडीच्या शिवळा केल्या, म्हणजे जुवातून बैल निसटू नये म्हणून लावतात त्या खुंट्या. मोठ्या बाबांनी एक दिवस त्या पाहिल्या आणि म्हणाले, "एवढं लक्ष शेताकडे दिलं असतं तं..." पुढचं त्यांनी मनातच ठेवलं. गाडीत तिनं नवरी बसवली, हिरव्या लुगड्यातली, आणि पुढं गाडीवान.

पालखी मात्र मांडावीच लागणार होती, विहिणीनं मागितली होती. आईनं ती केली. मोठ्या आईनं तिला टेबलाचं शेवटचं टोक दिलं. "पंख्याखाली ठेव. दुसरीकडे जागा नाही." जागा भरपूर होती.

लग्न जळगाव जामोदला. रुखवत पाहायची वेळ झाली तेव्हा नवरीची आई मानाच्या खुर्चीवर असायला हवी होती. ती ताट घेऊन टेबलापाशी उभी होती. तिच्याजवळ माझी आई, तिच्याही हातात ताट. दोघी एकमेकींकडे न पाहता जेवत होत्या आणि टेबलाच्या मधल्या जागेसाठी कोपरानं थोडं थोडं सरकत होत्या.

रुक्मिणीबाई त्यांच्याकडच्या बायका घेऊन आल्या. त्या आधी पंख्याखाली गेल्या. "हे! हेच म्हनत होती म्या. लय सुंदर." मोठ्या आईचा घास तोंडातच राहिला. मग त्या एकेक वस्तू पाहत आल्या आणि गाडीपाशी थांबल्या. जू पाहिलं. शिवळांना बोट लावलं. काहीच बोलल्या नाहीत. जायला निघाल्या, परत फिरल्या. पालखी कोणाची हे त्यांना एव्हाना कळलं होतं, गाडीही तिचीच समजून त्या माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "पुष्पाताई, गाडी चांगली हाय. पन एक सांगू काय?"

आईनं मोठ्या आईकडे पाहिलं. तिला सांभाळून घ्यायचं असावं. म्हणाली, "सांगा ना."

"तिले काय सांगता?" मोठी आई एवढ्या मोठ्यानं ओरडली की सनईवाला थांबला. "गाडी माही हाय! चूक माही हाय. मले सांगा."

नवरीच्या आईनं विहिणीवर आवाज चढवला होता.  मोठे बाबा लांबूनच हात जोडत धावत आले. समीक्षा स्टेजवरून उठून उभी राहिली. रुक्मिणीबाईंचा चेहरा उतरला. "काही नाही विहीणबाई, मी असंच..."

"असंच नाही. चुकलं काय ते सांगून जा. तुमच्या पाया पडते."

रुक्मिणीबाई पुन्हा गाडीपाशी आल्या. मग हळूच म्हणाल्या, "गाडीतली नवरी पुढं पाहून राह्यली. सासरी जातानी कोनती पोरगी पुढं पाहते, बाई? ती मागंच पाहत जाते. म्या तशीच आलती."

मोठ्या आईनं ताट टेबलावर ठेवलं. दोन बोटांनी नवरीला धरून हळूच फिरवायला लागली. गोंद पक्का होता, नवरी हलेना. तिनं जोर लावला तशी लुगड्याची खालची झालर फाटली आणि नवरी उलट्या बाजूला फिरली. आता ती गाडीतून मागं, टेबलाच्या मोकळ्या बाजूला पाहत होती.

"असं?" मोठ्या आईनं विचारलं.

"हाव. आता झाली गाडी."

रुक्मिणीबाईंनी तिचा हात धरला आणि तिला नातेवाइकांना दाखवत घेऊन गेल्या. गाडीवाली बाई म्हणून. मोठे बाबा हात जोडलेलेच राहिले.

पाठवणी झाली, टेबलं आवरून आम्ही परत निघालो. गाडीत मोठी आई रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती. नांदुरा यायच्या सुमारास तिनं नाक पुसलं आणि माझ्या आईकडे वळली. "पुष्पा, तुह्या पालखीले काय म्हनल्या त्या?"

"सुंदर म्हनल्या."

"बस? एवढंच?"

आई खिडकीबाहेर पाहायला लागली.  रात्री ती भाकरी थापत असताना मी तिला विचारलं, काय झालं. तिनं तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली.

"तिच्या गाडीसाठी बाई परत फिरली," आई म्हणाली. "अन् माह्या पालखीले नुसतं सुंदर म्हनून गेली."